विषयांची चिठ्ठी

जुलैतली दुपार. कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग, छत्र्या गळतायत, फायलींना प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या. नंबर आला की आतून एक पिवळसर चिठ्ठी बाहेर येते. तिच्यावर चार-पाच चौकोन असतात: गट अ, गट ब, गट क वगैरे. “यातल्या एकावर टिक करा, खाली पालकांची सही.” मुलगा बापाकडे बघतो, बाप रांगेकडे बघतो. रांगेतून कुणीतरी ओरडतं, “एसपी घे रे, मार्क पडतात!” टिक होते. खांबाला कागद टेकवून सही होते. पुढचा नंबर.

सत्तावीस वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. ज्युनियर कॉलेजात बुककीपिंग शिकवायचो आणि जून-जुलैत प्रवेश समितीवर नेमणूक ठरलेली. आता निवृत्त आहे, ठाण्याच्या कोपरीत राहतो, आणि दहावीचा निकाल लागला की बारा बंगल्यापासून मीठबंदर रोडपर्यंतचे ओळखीचे पालक घरची बेल वाजवतात. प्रश्न एकच: “सर, कुठलं कॉलेज बरं?” कुठले विषय बरे, हे सहसा कुणी विचारत नाही. कॉलेजच्या नावावर घरात दोन महिने खल होतो, मामा-आत्यांचे फोन होतात, गेल्या वर्षीच्या कटऑफचे तक्ते छापून भिंतीला लागतात. विषय मात्र खिडकीवर, दहा मिनिटांत. कॉलेजचं नाव दोन वर्षांनी मागं पडतं. विषय गुणपत्रिकेवर छापलेले राहतात आणि पुढच्या प्रत्येक अर्जात कुणीतरी ते मागतं.

म्हणून माझा आग्रह असा की आधी विषय ठरवावेत आणि त्यावरून कॉलेज. हा क्रम उलटा झाल्यामुळे किती गडबड होते, हे पुढे येईलच.

आधी मांडणी समजून घ्या. राज्य मंडळाच्या बारावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. दुसरी एक भाषा, किंवा तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे पोरं ज्याला आयटी म्हणतात ते. उरलेले चार ऐच्छिक. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण यांना श्रेणी मिळते, त्यांची चिंता नको. विज्ञानवाल्यांचे चार म्हणजे सहसा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. वाणिज्यवाल्यांचे ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), बीके (बुककीपिंग), इकॉनॉमिक्स आणि चौथ्या जागी मॅथ्स किंवा एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस. कला शाखेत निवड खरी मोठी: इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, शिवाय भाषा. गंमत अशी की जिथं निवड सर्वांत मोठी, तिथंच घरातली चर्चा सर्वांत छोटी. “आर्ट्सला गेलाय” एवढ्यावर ती संपते.

बायफोकल हा प्रकार दरवर्षी नव्याने समजावून सांगावा लागतो. तो २०० गुणांचा एकच विषय असतो. तो घेतला की दुसरी भाषा सुटते आणि एक ऐच्छिकही सुटतो. कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यावर सगळ्यांची उडी असते. यादी मात्र बरीच लांब आहे: इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, सिव्हिल इंजिनियरिंग, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय, वाणिज्यात बँकिंग आणि ऑफिस मॅनेजमेंट. मत्स्यव्यवसायाशी संबंधित विषयही आहेत. आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. खाडीवर चार पिढ्या गेल्या आणि आता बोर्ड मासे शिकवणार! अर्थात विषय मंडळाच्या यादीत असणं आणि जवळच्या कॉलेजात तो शिकवला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. ते त्या त्या कॉलेजात जाऊन विचारावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. विषय निवडताना मुलाला “काय आवडतं?” हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पंधरा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा विषय आवडत नसतो, तो विषय शिकवणारे सर किंवा बाई आवडत असतात, आणि अकरावीला ते सर नसतात. पहिला प्रश्न असा ठेवा: हा विषय सोडला तर कोणती दारं बंद होतात?

या हिशेबात सर्वांत जड विषय गणित. इंजिनियरिंगला बारावीचं गणित आणि फिजिक्स लागतं. आर्किटेक्चरलाही. मर्चंट नेव्हीत डेक किंवा इंजिन कोणत्याही बाजूचा अधिकारी व्हायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजे. एनडीएत हवाई दल आणि नौदलासाठी हीच अट. आर्मीसाठी कोणतीही शाखा चालते, पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात, म्हणजे तिथंही सुटका नाही. बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स, संख्याशास्त्र या पदव्यांना बरीच कॉलेजं बारावीचं गणित मागतात. उलट बायोलॉजी सोडली तर नीट गेलं, म्हणजे एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी गेली. फार्मसी गणितावरही होते आणि बायोवरही. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला शाखेची अट नाही. सीएलाही नाही.

सीएवर जरा थांबतो, कारण वाणिज्यातली सर्वांत मोठी गफलत इथं होते. आमच्या भागात वाणिज्याला जाणाऱ्या दहा मुलांपैकी चार-पाच जण तरी खिडकीवर “सीए करायचंय” म्हणतात, आणि त्याच दमात गणित सोडून एसपीवर टिक करतात. सीए फाउंडेशनच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एक आहे क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड, १०० गुणांची. तिच्यात ४० गुणांचं व्यावसायिक गणित आणि ४० गुणांचं संख्याशास्त्र असतं, उरलेले २० तर्कावरचे. बारावीला गणित नसलेल्यालाही ही प्रश्नपत्रिका देता येते, नियमाची काही आडकाठी नाही. पण अकरावी-बारावीत जे दोन वर्षांत सावकाश झालं असतं ते मग क्लासमध्ये चार महिन्यांत उरकावं लागतं.

गणिताला घाबरण्याचं एक कारण ऐकीव आहे. मुलांना वाटतं वाणिज्याचं गणित म्हणजे सायन्सवाल्यांचंच गणित. ते वेगळं पुस्तक आहे. बारावीच्या दुसऱ्या भागाची अनुक्रमणिका काढून बघा: कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, समाश्रयण, काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास, निर्देशांक, रेषीय प्रायोजन, संभाव्यता. पहिल्या भागात विकलन-संकलन आहे, ते नाकारत नाही. पण विम्याचा हप्ता कसा ठरतो, महागाईचा निर्देशांक कसा काढतात, हे ज्याला शिकायचं नाही त्यानं वाणिज्याला का जावं, असा प्रश्न मला पडतो.

एसपीची मात्र मी टिंगल करू देणार नाही. तो विषय मी काही वर्षं शिकवलाय. शेअर्स कसे काढतात, ठेवी कशा घेतात, डिपॉझिटरी म्हणजे काय, लाभांशाचं पत्र कसं लिहायचं, हे सगळं त्यात आहे. ज्याला कंपनी सेक्रेटरी व्हायचंय त्याच्या उपयोगाचा विषय. आणि ज्याला दहावीला गणितात जेमतेम पस्तीस पडले, ज्याच्या पोटात गणिताच्या तासाला खरोखर गोळा येतो, त्यानं एसपी घ्यावा आणि मोकळं व्हावं. माझी तक्रार आहे ती नव्वद टक्केवाल्यांनी “मार्क पडतात” म्हणून एसपी घेण्याबद्दल.

ही तक्रार करायचा अधिकार मला आहे की नाही, याबद्दल माझीच थोडी शंका आहे. माझी पुतणी डोंबिवलीला राहते. दहावीला गणितात ऐंशीच्या वर. अकरावीला वाणिज्य घेतलं तेव्हा तिनं मला फोन केला: “काका, मॅथ्स घेऊ की एसपी?” त्या दिवशी खिडकीवर माझा घसा बसला होता, दोनशे चिठ्ठ्या तपासल्या होत्या. मी म्हणालो, “एसपी घे, निवांत राहशील.” बारावीनंतर तिच्या मनात भरलं संख्याशास्त्र. पुण्यातल्या एका कॉलेजचा अर्ज भरला, पात्रतेच्या रकान्यात बारावी गणित. तिनं मला परत फोन केला नाही, तिच्या आईनं केला. शेवटी तिनं बीकॉम केलं, आज चांगल्या नोकरीत आहे, माझ्याशी बोलतेही. पण दिवाळीला घरी आली की पाया पडताना म्हणते, “काका, निवांत आहे हं मी.” त्यातली खोच मला कळते.

या गोष्टीचा दुसरा भाग जास्त लाजिरवाणा आहे. तेव्हा बंद झालेलं दार उघडण्याची एक सोय होती आणि ती मलाच सुचली नाही. बारावी उत्तीर्ण झालेल्याला एखादा राहिलेला विषय नंतर देता येतो. मंडळाच्या भाषेत याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. दर परीक्षेच्या अर्जाच्या जाहिरातीत नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी, श्रेणीसुधार यांच्या जोडीला हा शब्द असतो आणि कुणी तो वाचत नाही. पोरं त्याला ‘आयसोलेटेड’ म्हणतात: आयसोलेटेड मॅथ्स, आयसोलेटेड बायो. याच्या अटी, मुदती आणि पुढचं कॉलेज तो विषय कसा धरतं, हे आधी विचारून घ्यावं लागतं. ठाण्याचे विद्यार्थी मुंबई विभागीय मंडळात येतात, त्याचं कार्यालय वाशीला आहे. एक वर्ष जातं, पण दार उघडतं. ज्यांच्या घरात अशी अडचण आत्ता चालू असेल त्यांनी वाशीची एक खेप जरूर करावी.

विज्ञानाकडे वळू. इथली नेहमीची भानगड म्हणजे “दोन्ही ठेव, सेफ राहतं.” पीसीएमबी, म्हणजे गणितही आणि बायोही. दोन दगडांवर पाय, असं सरसकट मी म्हणणार नाही, कारण काही मुलांना खरंच माहीत नसतं आणि पंधराव्या वर्षी माहीत नसणं हा काही गुन्हा नाही. पण सुरक्षिततेची किंमत काय ते कळू दे. बायोलॉजी म्हणजे नुसतं पुस्तक नाही; आठवड्याची प्रॅक्टिकल, आकृत्या, जर्नल. गणित म्हणजे रोजचा हात. राज्याच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे एमएचटी-सीईटीला, पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पीसीबी गटात तेच १०० गुण बायोलॉजीचे. म्हणजे दोन्ही गटांत तो एकेक विषय अर्ध्या निकालाचा धनी आहे. दोन्ही अर्धवट केले तर दोन्हीकडे अर्धाच निकाल हाती येतो. त्यातून सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीचा असतो, आणि नीट-जेईईत तर अकरावी पूर्ण येते. तेव्हा “अकरावी आरामात, बारावीला बघू” हे सूत्र विसरा.

माझा साधा उपाय: दोन्ही घ्यायचेच असतील तर गणेशोत्सव ते दिवाळी हा काळ मुलावर नजर ठेवा. कुठल्या विषयाचं पुस्तक न सांगता उघडलं जातं? कुठलं दप्तरात तसंच राहतं? दिवाळीच्या सुट्टीत याबद्दल घरात बोलून मोकळे व्हा, आणि मनाने एक बाजू धरा. कागदावर दोन्ही विषय राहिले तरी चालतील. विषय कागदावर बदलायचा तर परवानग्या लागतात आणि त्या हातोहात मिळत नाहीत.

इंजिनियरिंग नक्की असेल तर बायोऐवजी कॉम्प्युटर सायन्स बायफोकल हा चांगला पर्याय आहे. २०० पैकी निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे, भाषेचा पेपरही वाचतो. पण “कॉम्प्युटर घेतला म्हणजे कॉम्प्युटर इंजिनियरिंगला फायदा” असं काही नसतं, प्रवेश सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर होतो. आणि बायफोकलला जागा कमी, फी वेगळी. अनुदानित तुकडीची फी शेकड्यांत असते आणि त्याच कॉलेजच्या विनाअनुदानित विषयाची हजारांत, हे पाहून पालक खिडकीवर गडबडतात. आधी विचारा.

नीटसाठी गणित सोडणाऱ्यांना एकच विनंती: नीट झालं नाही तर काय, याचं उत्तर गणित सोडण्याच्या दिवशी घरात मोठ्यानं बोललेलं असावं. फार्मसी, नर्सिंग, शेती, बीएस्सी ही खरी उत्तरं आहेत आणि चांगली आहेत. ती दुसऱ्या ड्रॉपनंतर पहिल्यांदा ऐकू आली की मुलाला शिक्षेसारखी वाटतात.

भाषेचा रकाना लोक फार लवकर भरतात. संस्कृत ‘स्कोअरिंग’, आयटीची परीक्षा ऑनलाइन म्हणून सोपी, जर्मन-फ्रेंच परदेशासाठी. यातलं काहीही खोटं नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यानं ते चालू ठेवावं, मार्क पडतात आणि रुची राहते. आयटीमध्ये वेबपेज, डेटाबेस असं हाताला काम मिळतं. पण स्पर्धा परीक्षांचं स्वप्न असलेली मुलं मराठी सोडतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठीची प्रश्नपत्रिका असते, निबंध लिहावा लागतो. अकरावीला भाषा सोडलेला मुलगा बाविसाव्या वर्षी क्लास लावून ‘अनुस्वार कुठे द्यावा’ शिकत बसतो. कोपरी कॉलनीतल्या सिंधी घरांना एक आठवण करून देतो: सिंधीही मंडळाच्या भाषांच्या यादीत आहे. आजी घरात बोलते आणि नातवाला वाचता येत नाही, अशी किती घरं मला माहीत आहेत. कॉलेजात शिक्षक नसेल तर नाइलाज, पण विचारायला काय जातं?

कला शाखेबद्दल थोडक्यात, पण मनापासून. मानसशास्त्र घेणाऱ्यांनी त्यात संख्याशास्त्र येतं हे धरून चालावं, निदान पदवीला तरी. भूगोलाला प्रात्यक्षिक असतं, नकाशे काढावे लागतात, आणि यूपीएससीला त्याचा पाया उपयोगी पडतो. अर्थशास्त्रात पुढे जायचं तर परत गणित आडवं येतं. फिरून फिरून मी गणितावर येतो, माझा इलाज नाही.

हल्ली एक नवीन आधार सांगतात: “नव्या धोरणात सगळं मिसळता येतं ना?” २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शाखांमधल्या कडक भिंती काढा म्हणतं, हे खरं. पदवीला आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आलंय, वाणिज्यवाला मानसशास्त्राचा एखादा पेपर घेऊ शकतो, हेही खरं. पण मिसळणं म्हणजे पाया नसताना मजला चढवणं नव्हे. पात्रतेच्या रकान्यात ‘बारावी गणित’ अजून छापलेलं असतं, तोवर ते आहे असंच धरा. सीबीएसईहून येणाऱ्यांनी तर आणखी एक बघावं: दहावीला ‘बेसिक’ गणित घेतलं असेल तर अकरावीला गणित मिळेल का, हे प्रवेशाआधी विचारावं. आपल्याकडेही काही वर्षांपूर्वी ‘सामान्य गणित’ होतं. ते घेऊन सुटल्याचा आनंद दहावीपर्यंत टिकायचा, अकरावीला सायन्सच्या खिडकीवर मावळायचा.

आता कॉलेज. अर्ज ऑनलाइन असतो, मुंबई परिसरात २००९ पासून आणि २०२५ पासून सगळ्या राज्यात. दहा कॉलेजं पसंतीने भरता येतात. यातला कळीचा नियम असा की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. आता कल्पना करा, पहिल्या नंबरला नामांकित कॉलेज टाकलं, ते लागलं, आणि खिडकीवर कळलं की वाणिज्यात गणिताची एकच तुकडी आहे आणि ती भरली. किंवा मानसशास्त्र तिथं नाहीच. त्या वेळी रडून उपयोग नसतो. अशी रडणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि आतल्या बाजूला बसून त्यांना काही देता येत नाही. म्हणून पसंतीक्रम भरण्याच्या आधीच्या आठवड्यात तीन-चार कॉलेजांत स्वतः जा. वेबसाइटवर विसंबू नका, तिथं तीन वर्षांपूर्वी बंद पडलेले विषयही नांदत असतात. नियमही दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाला स्वतः वाचायला लावा.

कॉलेजात गेल्यावर प्राचार्यांना भेटायचा हट्ट नको. ऑफिसातल्या क्लार्कला विचारा: या विषयाची तुकडी अनुदानित आहे का? जागा किती? शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? पाळी सकाळची की दुपारची? मग शिपायाला विचारा, प्रॅक्टिकल नियमित होतात का. शिपाई खरं सांगतो.

कोपरीच्या मुलांना एक भौगोलिक फायदा आहे. स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की चेंदणी बंदर रोडला विज्ञानाचं बांदोडकर आणि कला-वाणिज्याचं जोशी-बेडेकर चालत गाठता येतं. जरा पुढे ज्ञानसाधना. मुलुंडचं वझे-केळकर एका स्टेशनवर. आणि जे कुणी विचारातच घेत नाही ते: सकाळी सातला सगळं जग ठाण्याहून सीएसएमटीच्या दिशेने लोंबकळत असतं, तेव्हा डोंबिवली-कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा असते. पेंढरकर किंवा बिर्ला कॉलेजात हवा तो विषय मिळत असेल तर ‘उलट्या दिशेचं’ कॉलेज म्हणून नाक मुरडू नका. बसून जाण्यात वाचन होतं. दादरच्या कॉलेजच्या नावासाठी रोज दोन तास एका पायावर उभं राहण्यात काय होतं ते पोरांना विचारा.

शेवटचा भाग घरी करायचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. कल चाचण्यांवर हजारो रुपये घालण्याआधी हे करा. (२०१६ पासून काही वर्षं मंडळानेच दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. पालक निकालाचा कागद माझ्याकडे घेऊन यायचे आणि विचारायचे, “म्हणजे नक्की काय घेऊ?”) ज्या दोन विषयांमध्ये अडलंय, त्या दोन्हींचं एकेक प्रकरण काढा. पहिलं नको, पहिलं सोपं असतं, मधलं घ्या. दोन संध्याकाळी मुलानं एकट्यानं वाचावं, शेवटचे पाच प्रश्न सोडवून बघावेत. क्लास नाही, यूट्यूब नाही.

गेल्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी असंच बसवलं. एकीकडे एसपी, एकीकडे गणित. आई स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी डोकावत होती. एसपीचं प्रकरण त्यानं पाऊण तासात संपवलं, छान समजलं म्हणाला. गणिताला दीड तास लागला, पाचापैकी दोनच उदाहरणं सुटली, पानाची कड पेन्सिलनं खोडून खोडून फाटली. आई म्हणाली, “झालं, एसपीच.” पोरगा म्हणाला, “थांब ना, तिसरं येतंय.” तो तसाच बसून राहिला, चहा गार झाला. मी आईला म्हटलं, आता विचारायची गरज नाही.

दुसरी एक मुलगी होती, तिनं गणिताचं पुस्तक वीस मिनिटांत मिटलं आणि एसपीतलं लाभांशाचं पत्र स्वतःच्या मनाने नव्याने लिहून काढलं. तिनं एसपी घेतला. दोघंही आपापल्या जागी आहेत.

प्रवेश झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे विषय बदलण्याची थोडी मुभा बहुतेक कॉलेजं देतात, जागा असेल तर. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी “हो, करतो” वर घरी जाऊ नका. पुढे फारच जड गेलं तर विज्ञानाकडून वाणिज्य किंवा कलेकडे येता येतं. उलटा प्रवास होत नाही, म्हणून शंका असेल तर जड बाजूनं सुरुवात करणं सोयीचं असतं. पण शंका असेल तरच.

आणि खिडकीवर ती पिवळी चिठ्ठी हातात आली की लगेच टिक करू नका. रांगेतून बाजूला व्हा, गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची प्रत काढा, आधी त्या प्रतीवर पेन्सिलनं खूण करा. घरून आणलेल्या यादीशी ताडून बघा, विषयांची नावं आणि क्रमांक दोन्ही. मागून कुणी काही ओरडलं तर ओरडू दे. सही मुलासमोर करा, आणि खिडकी दुपारी कितीला बंद होते ते सकाळीच विचारून ठेवा.